डावा गाल

माझी थोरली जाऊ चतुराबाई हिच्याशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. चुलीवर आधी भाकरी की आधी कालवण, एवढ्यावरूनही आमची जुंपायची. ती बोलायला फटकळ, आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. पण तिच्या तोंडाविषयी कुणी वाकडं बोललं की माझं डोकं अजून फिरतं. त्या तोंडाची हकिगत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, कारण त्यापायी माझे हात झिजले आहेत.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे आजेसासरे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. सासऱ्यांच्या वेळी टेंभुर्णीत जमीन झाली आणि आम्ही शेतकरी झालो. मेंढरं गेली, पण त्या हिंडण्याफिरण्यातली औषधं घरात राहिली. त्यातलंच एक म्हणजे धुतलेलं तूप. मोठ्या तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, वर गार पाणी ओतायचं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घोटत राहायचं. ते पाणी काढून टाकायचं, नवं ओतायचं, पुन्हा घोटायचं. अशी शंभर पाणी झाली की तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो आणि लोण्याहून मऊ, पांढरंशुभ्र तूप हाती राहतं. त्यात मंजिष्ठेच्या मुळीची वस्त्रगाळ पूड आणि उगाळलेलं जायफळ कालवलं की वांगावरचा लेप तयार झाला. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांच्या गालांवर काळसर डाग पसरतात, तो वांग. जीवाला त्याचा काही त्रास नसतो, पण पाण्यात तोंड दिसलं की बाईचं मन खट्टू होतं.

शंभर मोजायची कशी? आमच्या घरात आकडे कुणालाच धड येत नव्हते. म्हणून एकेक पाणी गावातल्या एकेका बाईच्या नावाने ओतायची रीत होती. मनातल्या मनात मारुतीच्या पारापासून निघायचं, घरोघरच्या बायकांची नावं घेत घेत आपल्या दारापर्यंत यायचं. भांडण असलेलं घरही वगळायचं नाही, नाहीतर पाणी कमी पडायचं. आक्का, म्हणजे माझी जाऊ, माझं नाव अगदी शेवटी घ्यायची, आमच्या दारापुढून रोज जाणाऱ्या तेलिणीच्याही नंतर. हात माझे मोडायचे आणि नाव माझंच शेवटी, याचा मला फार राग यायचा.

लेप ती फुकट वाटायची. वाटताना बजावायची की रात्रीच लावायचा, पहाटे मसुराच्या पिठाने तोंड धुवायचं आणि दिवसा त्या जागेला ऊन लागू द्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी बायका ऐकत. तिसरी कशी जमणार? खुरपणी काय सावलीत होते? मग त्याच बायका परत येऊन कुरकुरायच्या की गुण येत नाही. आणि खुद्द आक्काच्या दोन्ही गालांवर, शेवटच्या बाळंतपणापासून, तळहाताएवढा वांग होता. लेप लावून उन्हापासून जपून राहायला तिला तरी कुठे सवड होती?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाजारात जालन्याच्या राधाकिसनशेठचं पाल लागलं. बांगड्या, फण्या, साबण, आणि पुढे मांडलेले ‘गुलबदन स्नो’चे डबे. डब्यावर एक गोरीपान बाई हसत होती. भोवती बायकांची ही गर्दी. आक्का सरळ पुढे गेली आणि मी तिच्या मागे.

"शेठ, ह्यानं तोंड उजळतं का नुसतं पांढरं व्हतं?" आक्काने विचारलं.

"बाई, उंची माल हाय. लावला की तोंडावर बिलकुल चांदणं पडतं."

"आमच्या शेजारणीनं लावला. सकाळी पांढरीफक, दुपारी घाम आला की जशीच्या तशी. लोकाची बायको रंगवून काय मिळतं तुमाला?"

बायका खुदखुदल्या. शेठला ते झोंबलं. तो हसत हसतच बोलला, पण बोलला मर्मावर. "तुमी साऱ्या गावाला वांगाचा लेप वाटता म्हनं. मंग तुमच्याच तोंडावर येवढा वांग कामून? पहिले सोताचं तोंड नीट करा, मंग माझ्या मालाला नावं ठेवा."

आता बायका आणखी मोठ्याने हसल्या. ज्यांनी तिचा लेप फुकट नेला होता त्याही हसल्या, हे मी पाहिलं. माझ्या अंगाची लाही झाली. आक्का मात्र जागची हलली नाही.

"चैत्रात पिंपळगावला रेणुकाईची जत्रा हाय," ती म्हणाली. "तुमचं पाल तिथं असतंच. आजपासून मी लेप लावते, पर निस्त्या डाव्या गालाला. उजवा हाय तसा ठेवते. जत्रेत तुमच्या पालासमोर उभी राह्यते, बायांनी दोन्ही गाल बघावे. फरक न्हाई दिसला तर परात उपडी घालीन आन् जलमात पुन्हा लेप करनार न्हाई."

"एकाच गालाला काहून?"

"सारं तोंड उजळलं तर तुमी म्हनाल, वांग व्हताच कुठं? उजवा गाल साक्षीला राहू द्या."

"आन् दिसला फरक तर?"

"तर तुमच्या पालात, ह्या डब्यांच्या शेजारी, माझा लेप ठेवायचा. माझ्या नावानं."

शेठने सगळ्यांसमोर हो म्हटलं. घरी आल्यावर मी आक्काला म्हटलं, "शब्द तुमी दिला आन् तूप घोटायचं ह्या आसरेनं!" ती म्हणाली, "तुझ्यासारखा हात गावात कोनाचा हाय?" एवढं गोड ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. मी निमूट परात पुढे ओढली.

त्यानंतर तिने जे केलं ते करायला जिगर लागते. रोज रात्री डाव्या गालाला लेप. दिवसा पदर डाव्या बाजूला असा घट्ट ओढायचा की तो डोळाही झाकला जायचा. खुरपायला बसली की ऊन उजव्या अंगाला राहील अशा बेताने बसायची, मग बाकीच्या बायका एकीकडे तोंड करून आणि ही दुसरीकडे. दुपारनंतर ऊन फिरलं की ही पण फिरायची. पोरंटोरं ओरडायची, "धूपछाव आली, धूपछाव आली!" दोन रंगांत दिसणाऱ्या लुगड्याचं नाव त्यांनी तिला ठेवलं होतं. माझे थोरले दीर कडूबा चिडायचे, पण तिच्यापुढे त्यांचं काय चालणार?

संक्रांतीला वाण घ्यायला बायका आल्या तेव्हा मी आक्काचा पदर मुद्दाम मागे सारला. उजवा गाल होता तसाच काळवंडलेला. आणि डावा? डावा गोरा झाला होता असं कुणी समजू नये. आक्का सावळी, आणि सावळा रंगच त्या गालावर परत आला होता, एकसारखा, नितळ, माझ्या लग्नात मी पाहिला होता तसा. ज्या हसल्या होत्या त्या बोटाने चाचपून बघत होत्या. मला इतका अभिमान वाटला की मी दोघी-तिघींना वाणच द्यायला विसरले.

पण खरं संकट पुढे होतं. आक्काच्या लेकीचं, नंदाचं, लग्न पिंपळगाव रेणुकाईच्या द्वारकाबाईंच्या मुलाशी, भुजंगशी ठरलं होतं. फाल्गुनात तिथी होती. द्वारकाबाई म्हणजे मोठ्या घरची, विधवा, एकटीच्या हिमतीवर शेत राखलेली बाई. पिंपळगावात तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं जालन्याच्या कापडबाजारात जमली. दुकानात लुगडी पाहताना आक्काचा पदर घसरला आणि द्वारकाबाईंची नजर तिच्या तोंडावर पडली. निम्मं तोंड एका रंगाचं, निम्मं दुसऱ्या. हातातलं लुगडं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बाकीचं नंतर बघू."

चौथ्या दिवशी सोयरीक जुळवणारे बद्रीनाथ आले. पाणीही न पिता म्हणाले, "तिकडून सांगावा हाय. पोरीच्या आईला तोंडावर कोड फुटलंय म्हनत्यात. लगीन सध्या थांबवा."

कोड! त्यांनी वांग कधी पाहिला नव्हता असं थोडंच होतं, पण गेलेला वांग कुणी पाहिला होता? उजव्या काळ्या गालाच्या शेजारी डावा गाल उजळ दिसतो, म्हणजे कोडाचा पांढरा डाग पसरतोय, असं त्यांनी धरलं. आणि आईला कोड म्हटल्यावर लेकीला कोण करून घेणार? एकदा ही बातमी चार गावांत गेली असती, तर नंदाला दारात कुणी उभं केलं नसतं. पोरगी कोपऱ्यात बसून रडत होती.

त्या दिवशी घरात मोठा तमाशा झाला. कडूबा भाऊजी जन्मात पहिल्यांदा बायकोवर ओरडले. "ती परात फेक! काजळी फास डाव्या गालाला, कायबी कर, पर तोंड सारखं कर! पोरीचं वाटोळं करून राह्यलीस तू!"

मीही म्हटलं, "आक्का, उजव्या गालाला लेप लावायला सुरुवात करा. लगीन झाल्यावर बघू शेठचं."

ती म्हणाली, "काजळी फासली तर मी सोताच कबूल केलं की मला कोड हाय. आसरे, गाडी जुंपायला सांग. पिंपळगावला जायचं."

मुलीची आई लग्नाआधी सोयऱ्याच्या दारात जात नाही. आमच्यात कुणी गेलेलं मी ऐकलं नव्हतं. पण ती गेली, आणि मी बरोबर गेले.

द्वारकाबाई अंगणात डाळ निवडत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, पण चेहरा ताठ. त्यांनी पाणी पुढे केलं. लेक द्यायच्या घरचं पाणी आक्का कसं पिणार? तिने तेच पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंड खसाखसा धुतलं. मग पदर पूर्ण मागे टाकला.

"इहीणबाई, उन्हात या," ती म्हणाली. "सावलीत फसायला व्हतं."

कार्तिकापासून ज्या गालाला तिने उन्हाची तिरीप लागू दिली नव्हती, तो गाल तिने स्वतःहून फाल्गुनाच्या उन्हात धरला. दोघी अंगणाच्या मध्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. आक्काने चोळीची घट्ट बाही जोर लावून वर सरकवली, शिवण उसवली तरी थांबली नाही. खांद्याजवळचा दंड, ज्याला कधी ऊन लागलेलं नसतं, तो उघडा केला आणि डाव्या गालाला लावला.

"बघा. गालाचा रंग आन् दंडाचा रंग एक हाय का न्हाई? हे कोड असंल तर मंग साऱ्या अंगाला फुटलंय का माझ्या? हा माझा रंग हाय, माझ्या आईनं दिलेला. तो तिकडला वांग हाय, बाळंतपणानं आन् उन्हानं दिलेला. माझा लेप कोनाला गोरं करत न्हाई. माझं होतं ते मला दिलं, बस."

द्वारकाबाईंनी अंगठ्याने गाल चोळला. चांगला जोराने चोळला. गाल लाल झाला. मग दंड चोळला, तोही तसाच लाल झाला. त्यांनी आक्काच्या भुवयांचे केस पांढरे पडलेत का ते पाहिलं, कानामागे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आणि गालांवर ‘गुलबदन’चा पांढरा थर होता आणि घामाने तो ओघळायला लागला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"कोड न्हाई," त्या अखेर म्हणाल्या. "माझी चूक झाली. तिथी तीच राहील. पर मांडवात चार लोक येतील. उजव्या गालालाबी लावा तुमचं औषध. तवर जेवढं व्हईल तेवढं."

झालं, म्हटलं, सुटलो. मी आक्काच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले की सुटलो नाही.

"जत्रेपर्यंत न्हाई," आक्का म्हणाली. "भर बाजारात शब्द दिलाय."

"लेकीच्या लग्नापरीस तुमचा शब्द मोठा हाय का?"

"ज्या आईचा शब्द बाजारात पडला, तिची लेक तुमी कोनाच्या शब्दावर घेऊन राह्यल्या?"

मी मनात रेणुकाईला हात जोडले. मग द्वारकाबाई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "गाडीवान उपाशी असंल, त्याला भाकरी देते." परत येताना आक्का वाटभर उसवलेली बाही हाताने धरून बसली होती. डावा गाल तिने पुन्हा पदराआड घेतला होता.

लग्न त्याच तिथीला झालं. आक्का मांडवात तशीच वावरली, एक गाल असा आणि एक तसा. कुजबुज झाली, नाही असं नाही. पण द्वारकाबाई तिच्या शेजारी पाट घेऊन बसल्या होत्या, त्यामुळे मोठ्याने बोलायची कुणाची छाती झाली नाही.

चैत्रात जत्रा भरली. राधाकिसनशेठचं पाल देवळाच्या वाटेवरच होतं आणि डब्यांची रास गेल्या खेपेपेक्षा मोठी. आक्का समोर उभी राहिली. मी लेपाची परात डोक्यावरून उतरवून तिच्या पायाशी ठेवली. टेंभुर्णीच्या बायका होत्या, पिंपळगावच्या होत्या, आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या होत्या. आक्काने पदर मागे घेतला. फरक आंधळ्यालाही कळला असता.

शेठलाही कळला. आणि म्हणूनच तो मोठ्याने ओरडला, "अरे, बाई, हे औषध न्हाई! हे तर कोड हाय! बायांनो, जरा दूर व्हा!"

एका बाईने आपलं लेकरू झटक्यात मागे ओढलं. मग दुसरीने. आक्काभोवतीची जागा मोकळी झाली. ती चोळीच्या बाहीकडे हात नेऊ लागली, पण इथे भर जत्रेत, पुरुषांच्या गर्दीत बाही कशी वर करणार? तिचा हात अर्ध्यात थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला तो पालवाला फाडून खावासा वाटला. मी बांगड्या मागे सारून पुढे निघालेच होते.

"थांब गं," मागून आवाज आला. द्वारकाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. बरोबर नंदा होती, हिरव्या लुगड्यातली नवी नवरी. द्वारकाबाईंनी देवळापुढच्या रांजणातलं पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तोंड धुतलं. पांढरा थर खाली गळाला. खाली दोन्ही गालांवर, नाकावर, कपाळावर दाट वांग होता. पिंपळगावच्या बायकांनी तो कधी पाहिला नव्हता. त्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"राधाकिसनशेठ," त्या म्हणाल्या, "चार वर्सं झाली, तुमचे डबे मी घेऊन राह्यले. हे बघा माझं तोंड. आन् ही माझी इहीण हाय. हिला कोड असतं तर हिची लेक माझ्या घरात आली असती का? हिचा दंड मी उन्हात बघितला, माझ्या अंगठ्यानं चोळून बघितला. आता बोला, कोनाला कोड हाय?"

पिंपळगावात पाल लावायचं तर द्वारकाबाईंशी वाकडं घेऊन चालत नव्हतं. शेठने डबे बाजूला सारले आणि लेपाला जागा करून दिली. "चतुराबाईंचा लेप," असं आक्काने त्याला दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी तो मोठ्याने म्हणाला.

द्वारकाबाई परातीपुढे फतकल मारून बसल्या. "लावा," त्या म्हणाल्या. "डाव्या गालालाच. उजवा तसाच ठेवते, आन् पुढल्या जत्रेत ह्याच पालासमोर दोन्ही दाखवीन. आमच्या गावच्या बायांनाबी कळू द्या."

आक्काने डोळे पुसले, आणि माझी जाऊ ती, तिथेही ऐकेल तर शपथ. "दिवसा लावत न्हाईत, इहीणबाई. रात्री लावायचा. आन् आत्तापासून ऊन लागू द्यायचं न्हाई. पदर घ्या डाव्या बाजूला."

जिच्यापुढे सगळं पिंपळगाव मान खाली घालायचं, त्या बाईने मुकाट्याने पदर डाव्या गालावर ओढून घेतला.